बी.एस्सी. स्टॅटला ओ ग्रेड, पण इंटरव्ह्यूत साधी टेस्ट निवडता आली नाही. मग ग्रेड नक्की काय मोजते?

जयकरची_खिडकी

नमस्कार सगळ्यांना. महिनाभर डोक्यात हेच घोळतंय म्हणून विचारते, लांबलंय पण वाचा प्लीज.

मी एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्स पहिलं वर्ष, पुण्यातच. बी.एस्सी. पण इथलंच, २०१९ पॅटर्न, म्हणजे २ क्रेडिटचा पेपर ५० मार्कांचा, १५ इंटरनल आणि ३५ युनिव्हर्सिटीचे. टेस्टिंग ऑफ हायपोथेसिस (म्हणजे डेटावरून एखादा दावा तपासणं) ज्या पेपरला होतं त्यात मला ओ, म्हणजे सगळ्यात वरची ग्रेड आहे, आणि कॉपीबिपी करून नाही, रोज अभ्यासिकेत बसून, मागच्या सगळ्या वर्षांचे पेपर दोनदोनदा सोडवून मिळवलेली.

तर मागच्या महिन्यात खराडीला एका कंपनीत इंटर्नशिपचा इंटरव्ह्यू होता. समोरच्या मॅडमनी कागदावर दोन कॉलम काढले आणि म्हणाल्या, २० दुकानं आहेत, दुकानातली मांडणी बदलली, ही बदलाच्या आधीच्या महिन्याची विक्री आणि ही नंतरच्या महिन्याची, मांडणीचा फायदा झाला का हे कसं बघशील. मी पटकन म्हटलं टू सॅम्पल टी टेस्ट, म्हणजे दोन वेगळ्या गटांच्या सरासऱ्यांची तुलना. दोन कॉलम दिसले ना. फॉर्म्युला पण लिहून दाखवला, पूल्ड व्हेरियन्स, डिग्रीज ऑफ फ्रीडम (इथे २० अधिक २० वजा २) ३८, सगळं. त्या शांतपणे म्हणाल्या, दोन्ही कॉलममध्ये तीच दुकानं आहेत ना? तेव्हा लक्षात आलं की हा तर पेअर्ड टी, म्हणजे त्याच दुकानाचे आधीचे-नंतरचे आकडे जोडीने बघायचे. आणि पेअर्ड टी मला येत नाही असं नाहीये हो, परीक्षेत पूर्ण मार्क घेतलेत त्याच्यात, पण परीक्षेत प्रश्नातच लिहिलेलं असतं की 'पेअर्ड टी टेस्ट वापरून तपासा'. पुढे त्यांनी विचारलं, पी व्हॅल्यू ०.०३ आली तर दुकानदाराला काय सांगशील. मी सांगितलं, नल हायपोथेसिस ('मांडणीने काही फरक पडला नाही' हे गृहीतक) खरी असण्याची शक्यता ३ टक्के. ते पण चूक.

त्याच दिवशी माझ्याच वर्गातला एक मित्र होता, त्याला त्या पेपरला बी प्लस. त्याला तोच प्रश्न आला आणि त्याने उत्तर द्यायच्या आधी विचारलं, "नंतरच्या महिन्यात दिवाळी होती का?" त्याचं सिलेक्शन झालं, आणि व्हायलाच हवं होतं.

मला त्याचं वाईट वाटत नाहीये. पण तीन वर्षं मी ज्या ग्रेडकडे बघून ठरवत होते की मला हा विषय येतो, ती मग नक्की काय सांगत होती? आणि त्याची बी प्लस काय सांगत होती? ओ म्हणजे जास्त शिकली आणि बी प्लस म्हणजे कमी शिकला, असं नाहीच का?

सहकारनगर_मास्तर

अगं, पहिल्यांदा एक सांगतो, तुझी ग्रेड खोटी नाहीये. मी चौदा वर्षं पदवीला स्टॅट शिकवतोय, पेपर काढतो, तपासतो, म्हणून आतून सांगतो. तुला जे विचारलं ते तू बरोबर लिहिलंस, ग्रेड तेवढंच सांगते. न विचारलेल्याबद्दल ती काहीच सांगत नाही, हो पण नाही आणि नाही पण नाही.

हे नीट बघायचं तर तुझंच दुकानांचं उदाहरण घेऊ, कारण शिकण्याच्या पायऱ्या त्यात अगदी स्वच्छ दिसतात. जॉन बिग्ज आणि केव्हिन कॉलिस यांनी १९८२ मध्ये सोलो टॅक्सॉनॉमी म्हणून एक मांडणी केली, उत्तराची लांबी न बघता त्याची घडण बघायची. त्यात पाच पायऱ्या आहेत. सगळ्यात खाली तो, ज्याला प्रश्नच कळला नाही, तो 'सरासरी काढू आणि मोठी कुठली ते बघू' म्हणेल. त्याच्या वर ज्याच्या हातात एकच धागा आहे, दोन कॉलम दिसले की टी टेस्ट. तिसऱ्या पायरीवर ज्याला बऱ्याच गोष्टी येतात पण सुट्या सुट्या. पेअर्डचा फॉर्म्युला येतो, टू सॅम्पलचा येतो, एकात १९ डिग्रीज ऑफ फ्रीडम आणि दुसऱ्यात ३८ हे माहितीय, गृहीतकं पाठ आहेत, टेबल बघता येतं. चौथ्या पायरीवर या गोष्टी एकमेकांना जोडल्या जातात. पेअर्ड का? तर लक्ष्मी रोडवरचं मोठं दुकान आणि गल्लीतलं छोटं दुकान यांच्या विक्रीत मुळातच प्रचंड फरक असतो, प्रत्येक दुकानाची तुलना त्याच्या स्वतःशीच केली की तो फरक हिशोबातून निघून जातो आणि मांडणीचा परिणाम दिसायला लागतो. ज्याला हे कळलं त्याला टेस्टचं नाव सांगावं लागत नाही. आणि पाचवी पायरी म्हणजे तुझा मित्र, जो टेस्टच्याही बाहेर जाऊन बघतो की फरक आला तरी तो मांडणीमुळेच आला कशावरून, मध्ये दिवाळी असेल तर?

आता मला सांग, तुझ्या ३५ मार्कांच्या पेपरात तिसऱ्या पायरीवरच्या मुलाला किती मार्क पडले असते? जवळजवळ सगळे. पाचव्या पायरीवरच्याला? तेवढेच. पट्टी पाच फुटांची असली की साडेपाच फुटांचा आणि सहा फुटांचा माणूस दोघंही 'पाच फूट' म्हणूनच नोंदवले जातात. ओ ग्रेड मिळालेल्या मुलांमध्ये आपापसात खूप फरक असतो आणि आमच्या पेपरला तो दिसतच नाही. हे शिक्षक म्हणून लिहिताना मला बरं वाटत नाही, पण आहे हे असं आहे.

पी व्हॅल्यूचंही तेच. 'पी व्हॅल्यूची व्याख्या लिहा', दोन मार्क, सगळे बरोबर लिहितात. नल हायपोथेसिस खरी आहे असं धरलं तर आत्ता मिळालाय तेवढा किंवा त्याहून टोकाचा निकाल यायची शक्यता. नल खरी आहे हे आपण आधी धरून चाललोय, मग ती खरी असण्याची शक्यता या आकड्यातून कशी निघेल? हा पुढचा प्रश्न पेपरात नसतो म्हणून तो तुला कधी पडला नाही.

बॅक_नाही_राहिला

सर खूप भारी समजावलंत. मी इंजिनिअरिंगचा. आमच्याकडे हल्ली पेपरात प्रत्येक प्रश्नापुढे सीओ (कोर्स आउटकम, म्हणजे कोर्स संपल्यावर काय यायला हवं ते) आणि ब्लूम्स लेव्हल छापलेली असते, एल १, एल २, एल ३ वगैरे. बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये केलेलं ते, मग २००१ मध्ये सुधारलं, लक्षात ठेवणं, समजणं, वापरणं, विश्लेषण, मूल्यमापन, निर्मिती. २०१४ मध्ये भारत वॉशिंग्टन अकॉर्डचा (इंजिनिअरिंगच्या पदव्या देशोदेशी मान्य करायचा करार) पूर्ण सदस्य झाला, आणि एनबीएचं, म्हणजे कोर्सला मान्यता देणाऱ्या बोर्डाचं ॲक्रेडिटेशन घ्यायचं तर कोर्स आउटकम दाखवावे लागतात. डिप्लोमाला तर एमएसबीटीईच्या (राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाच्या) सिलॅबसमध्येच युनिटवार मार्क वाटलेले असतात, आर (लक्षात ठेवणं) किती, यू (समजणं) किती, ए (वापरणं) किती.

पण मला यात एक गोष्ट खटकते. 'डिझाइन करा' असं क्रियापद घातलं की प्रश्न वरच्या लेव्हलचा होतो का? आमच्या एका विषयात एकच डिझाइनचा प्रश्न आकडे बदलून चार वर्षं येतोय, आप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानातून आणलेल्या सॉल्व्ह्ड पेपरमध्ये स्टेपवार दिलाय, सगळी पोरं तो रट्टा मारून जातात. कागदावर तो निर्मिती, प्रत्यक्षात पाठांतर. म्हणजे लेव्हल नुसती प्रश्नात नसते, तो प्रश्न मुलांनी आधी बघितलाय की नाही यावर पण असते ना?

सहकारनगर_मास्तर

शंभर टक्के. याच कारणाने मी पेपर काढताना आधी मागचे पाच पेपर समोर घेतो.

औंध_ते_कात्रज

मी डेटामध्येच काम करते, सहा वर्षं झाली. ग्रेडवरून सीजीपीए (सगळ्या सेमिस्टरची मिळून सरासरी) कसा होतो हे एकदा आकड्यांकडे बघणाऱ्या माणसाच्या डोळ्यांनी बघ, म्हणजे अजून एक गोंधळ दिसेल.

यूजीसीची १० पॉइंटची स्केल, ओ म्हणजे १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५, पी ४, एफ शून्य. हा क्रम आहे. पण ओ आणि ए प्लसमधलं अंतर आणि सी आणि पीमधलं अंतर सारखंच आहे असं कोणी मोजलंय का? तरी आपण क्रेडिटने गुणून, बेरीज करून, भागून दोन दशांशांपर्यंत एसजीपीए (एका सेमिस्टरची सरासरी) काढतो. स्टॅटच्या मुलीला हे मी काय सांगणार, ऑर्डिनल डेटाचा, म्हणजे ज्यात नुसता क्रम आहे त्याचा, मीन काढतोय आपण. त्यात जर एका सीमेची रेघ ८० वर असेल तर ७९ आणि ८० वेगवेगळ्या खान्यात आणि ८० आणि ८९ एकाच खान्यात.

आणि इंटरनलचे १५ विसरू नकोस. त्यात मिड सेमची टेस्ट असते, असाइनमेंट असतात, कुठे कुठे जर्नल वेळेत दिलं का, हजेरी किती, हे पण त्यात मुरवलेलं असतं. नीटनेटकेपणा आणि वेळ पाळणं चांगलंच आहे, पण ते शिकणं नाही, आणि एकाच अक्षरात दोन्ही कोंबलं की बाहेरच्याला काही कळत नाही. तुझ्या मित्राला विचार बरं, बी प्लस कुठे गेली म्हणून. माझा अंदाज इंटरनलला.

हायरिंगमध्ये आम्ही सीजीपीए बघतो तो फक्त चाळणी म्हणून, अर्ज खूप येतात आणि सगळ्यांना बोलवता येत नाही. कोणाला कुठली पायरी येते हे कळायला समोर बसवून एक उघडा प्रश्न द्यावा लागतो, तुला दिला तसा. तो प्रश्न चांगला होता गं, त्या मॅडमनी तुला योग्य ठिकाणी अडवलं.

पवई_रिटर्न

थोडं वेगळं. मी आयआयटीत होतो, तिथे बऱ्याच कोर्सला रिलेटिव्ह ग्रेडिंग, म्हणजे वर्गात तुम्ही कुठे आहात त्यावर अक्षर. त्याने पेपर अवघड काढता येतो हा फायदा, सगळ्यांना ४० पडले तरी वरचा वरच राहतो. पण मग ती ग्रेड इतकंच सांगते की हा त्याच्या शेजाऱ्याच्या पुढे आहे, नक्की काय येतं ते तिथेही कळत नाही. दोन्ही पद्धतींचे आपापले प्रश्न आहेत.

पेठेतले_काका

मी निवृत्त प्राध्यापक, विषय गणित. कॅप सेंटरला (विद्यापीठाचे पेपर एकत्र तपासतात तिथे) कितीतरी वर्षं पेपर तपासले, मॉडरेशन केलं. दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात, एक तपासण्याबद्दल आणि एक पाठांतराबद्दल.

तपासताना मॉडेल आन्सर समोर असतं आणि स्टेपला मार्क असतात. गठ्ठे मोठे, दिवस थोडे. फॉर्म्युला लिहिला एक, किंमती घातल्या एक, उत्तर एक, निष्कर्षाची ओळ एक. हे अन्यायाचं नाही, उलट न्यायासाठीच आहे. १९१२ साली अमेरिकेत स्टार्च आणि इलियट या दोघांनी इंग्रजीची एकच उत्तरपत्रिका वेगवेगळ्या शाळांतल्या शंभरावर शिक्षकांकडून तपासून घेतली होती आणि शंभरपैकी ३० मार्कांच्या वर फरक निघाला. आम्हाला वाटेल की हे भाषेचं झालं, गणितात असं होणार नाही, तर त्यांनी पुढच्या वर्षी भूमितीचा पेपर घेतला आणि त्यात फरक अजूनच वाढला. म्हणून स्टेप मार्किंग. दहा जणांनी तपासलं तरी मार्क जवळपास सारखे यावेत. पण जे स्टेपमध्ये पाडता येतं त्यालाच मार्क मिळतात, आणि 'दिवाळी होती का' या वाक्याला कुठली स्टेप लावणार? एखाद्या मुलाने ते उत्तरपत्रिकेत लिहिलं असतं तर माझ्यासारख्याने ते मन लावून वाचलं असतं आणि तरीही मार्क द्यायला रकाना नसता. अशी दोन-तीन उत्तरं मला आजही आठवतात.

एकदा मी पेपर काढताना 'अमुक प्रमेय वापरून सिद्ध करा' यातलं प्रमेयाचं नाव काढून टाकलं होतं, फक्त 'सिद्ध करा' ठेवलं. बाकी प्रश्न तोच, सिलॅबस तोच. दुसऱ्या दिवशी तक्रारी आल्या की पेपर सिलॅबसबाहेरचा आहे. तक्रार करणारे सगळे विद्यार्थी नव्हते. पुढच्या वर्षी नाव परत आलं. तेव्हा पट्टी पाच फुटांचीच का आहे, याचं उत्तर एकट्या पेपर काढणाऱ्याकडे नाही, मास्तर, ती सगळ्यांनी मिळून तेवढी ठेवली आहे.

आता पाठांतर. वरचं सगळं वाचून मुलांना असं वाटेल की खालच्या पायऱ्या म्हणजे फुकट. तसं नाही. बाळ, तुला त्या मॅडमनी 'तीच दुकानं आहेत ना' एवढंच विचारलं आणि तू क्षणात म्हणालीस पेअर्ड टी. ज्याने काहीच पाठ केलं नव्हतं त्याला ते वाक्य ऐकून काहीही सुचलं नसतं. तुझ्याकडे सामान सगळं होतं, ते एकमेकांना जोडायची वेळच तुझ्यावर कोणी आणली नव्हती. तुझी ओ ग्रेड त्या सामानाची पावती आहे, ती जपून ठेव.

बॅक_नाही_राहिला

काका, ते तक्रारीचं अगदी खरं आहे, मी स्वतः अशा एका अर्जावर सही केलीये सेकंड इयरला. आज नसती केली.

सहकारनगर_मास्तर

काका, मान्य. आणि अजून एक जोडतो, कारण ही मुलगी स्वतःला दोष देत असेल. स्वीडनमध्ये गोथेनबर्गला मार्टन आणि सॅल्यो यांनी १९७६ मध्ये विद्यार्थ्यांना एक लेख वाचायला देऊन ते कसे वाचतात हे बघितलं होतं. काही जण नंतर काय विचारतील या धास्तीने वाक्यं लक्षात ठेवत होते, काही जण लेखकाला म्हणायचंय काय हे शोधत होते, आणि नंतर कोणाला किती कळलं हे त्या वाचण्याच्या पद्धतीवर ठरलं. सॅल्योने हेही दाखवलं की मुलं कसल्या प्रश्नांची अपेक्षा करतात त्यावर त्यांची वाचायची पद्धत बदलते. तू अभ्यास चुकीचा केला नाहीस, समोर जो पेपर होता त्याला साजेसा केलास. मला स्वतःला यातून कामाचं काय मिळालं, तर प्रॅक्टिकलच्या व्हायवात मी आता फॉर्म्युला विचारत नाही. डेटा पुढे ठेवतो आणि म्हणतो, टेस्ट लावायच्या आधी मला तीन प्रश्न विचार. पाच मिनिटांत कळतं कोण कुठे उभं आहे. लेखी पेपर माझ्या एकट्याच्या हातात नाही, व्हायवा आहे.

जयकरची_खिडकी

सगळ्यांना मनापासून थँक्यू. काका तुमचं ते सामानाचं वाचून खरंच खूप बरं वाटलं, आईला पण वाचून दाखवलं.

दोन दिवस जयकरमध्ये (विद्यापीठाच्या लायब्ररीत) बसून दोन कामं केली. एक म्हणजे माझा तो ३५ मार्कांचा जुना पेपर काढला आणि सरांच्या पायऱ्यांप्रमाणे मी सोडवलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे पेन्सिलीने खूण केली. ३५ पैकी २९ मार्क असे निघाले की टेस्टचं नाव दिलेलं आहे किंवा व्याख्या विचारलीय. ४ मार्क जिथे दोन टेस्टमधला फरक विचारलाय, आणि तो फरक पण नोट्समध्ये टेबल करून दिलेला होता. उरलेले २ मार्क एका प्रश्नाचे, 'निष्कर्षावर भाष्य करा', तिथे मी काय लिहिलं होतं आठवत नाही, बहुतेक नल रिजेक्ट एवढंच.

मित्राला पण विचारलं. औंधवाल्या ताई, तुमचा अंदाज बरोबर, मिड सेमच्या वेळी त्याच्या घरी आजारपण होतं, एक टेस्ट बुडाली आणि दोन असाइनमेंट राहिल्या. युनिव्हर्सिटीच्या पेपरात आमच्यात फक्त तीन मार्कांचा फरक होता. आणि तो दिवाळीचा प्रश्न त्याला सुचला कारण त्याच्या मामांचं कपड्यांचं दुकान आहे आणि तो दर दिवाळीत गल्ल्यावर बसतो. म्हणजे ते तो वर्गात शिकलाच नव्हता, पण वर्गातल्या गोष्टीला जोडलं मात्र त्यानेच.

दुसरं काम. दिवाळीचं काय करायचं यावर मी स्वतः विचार केला, कुठे न बघता. सर, बघा बरोबर आहे का. २० दुकानांत मांडणी बदलायची आणि अजून २० दुकानांत जुनीच ठेवायची, दिवाळी दोघांनाही सारखीच येईल. मग सगळ्या ४० दुकानांचा नंतर वजा आधी असा फरक काढायचा, आणि बदललेल्या २० चे फरक विरुद्ध न बदललेल्या २० चे फरक, यावर टू सॅम्पल टी. डिग्रीज ऑफ फ्रीडम ३८! म्हणजे मी त्या दिवशी जी टेस्ट म्हटलं ती इथे बसते, पण कच्च्या विक्रीवर नाही, फरकांवर. हे लक्षात आलं तेव्हा मी जयकरमध्ये उठून उभी राहिले, समोरची मुलगी बघायला लागली.

सहकारनगर_मास्तर

बरोबर आहे, अगदी बरोबर, आणि हे तू कुठे न बघता काढलंस याचा मला फार आनंद झाला. दोन्ही गटांचे फरक साधारण नॉर्मल आहेत का आणि त्यांचं व्हेरियन्स सारखं धरता येतं का एवढं तपासून घे.

आता पुढचं सांग. ४० पैकी कुठल्या २० दुकानांत मांडणी बदलायची हे कोण ठरवणार? समजा मालकांनाच विचारलं, आणि ज्यांनी हौसेने हात वर केला त्यांच्याकडे बदल केला, तर तुझ्या ३८ डिग्रीज ऑफ फ्रीडमचं काय होईल?